टेबलावरच्या युद्धखेळातल्या गोब्लिनच्या (हिरव्या, बुटक्या राक्षसांच्या) छोट्या मूर्ती, म्हणजे माझे गोब्लिन रंगवले, पण ते फारच स्वच्छ दिसतात. डिपिंगने मळकट करता येतील का, आणि भारतात त्यासाठी काय वापरायचं?

‘रंगवले तर लग्नाला निघाल्यासारखे दिसतात’ हे तुमचं वाक्य वाचून हसलो, कारण माझी पहिली टोळीही अशीच होती. प्लास्टिकचे ४० गोब्लिन, हातात दोन आठवडे, ब्रशवर हात बसलेला नाही आणि टेबलावर कळकट दिसायला हवेत, असं तुम्ही लिहिलंय. मग डिपिंगच करा.

देव्हाऱ्यातला पितळी बाळकृष्ण आठवा. चिंचेने घासला की गाल, गुडघे, हातातला लोण्याचा गोळा लखलखतो, पण बोटांच्या फटीत आणि कमरपट्ट्याखाली काळं तसंच राहतं. त्या काळ्यामुळेच तर बोटं वेगवेगळी दिसतात. डिपिंगमध्ये हा राप आपण मुद्दाम चढवतो. सपाट रंग भरलेली मूर्ती तपकिरी वॉर्निशमध्ये बुडवायची आणि जादाचं झटकून टाकायचं. उंचवट्यांवरून ते ओघळतं, खाचाखोचांत साचतं. तेलावर बनवलेलं वॉर्निश सावकाश वाळतं, त्यामुळे आपली जागा शोधायला त्याला वेळ मिळतो.

अमेरिकेतले लोक यासाठी हार्डवेअरच्या दुकानातलं मिनवॅक्स पॉलीशेड्स, म्हणजे फर्निचरला लावायचं रंगीत पॉलियुरेथेन, वापरायचे. पुढे २००७ मध्ये सुरू झालेल्या आर्मी पेंटर या डॅनिश कंपनीने क्विकशेड नावाने त्याचे खास डबे काढले: सॉफ्ट, स्ट्राँग आणि डार्क. गोब्लिनच्या हिरव्या कातडीला तपकिरी स्ट्राँग उत्तम. डार्क जवळजवळ काळं आहे, ते चिलखतासाठी ठेवा.

डबा मिळाला तर छान, पण त्याच्यासाठी अडून बसू नका. मी हार्डवेअरच्या दुकानातून पॉलियुरेथेन क्लिअर वॉर्निशचा सगळ्यात लहान डबा आणतो आणि त्यात तैलरंगाच्या ट्यूबमधला बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी, मिसळतो. काळा अगदी नखभर. जॅमच्या जुन्या बाटलीत ढवळायचं, पातळ झालेल्या तुपाइतकं सैल ठेवायचं आणि आधी एका टाकाऊ मूर्तीवर लावून बघायचं. डबा घेताना एकच गोष्ट वाचा: ‘मिनरल टर्पेंटाइनने पातळ करा’ असं लिहिलेलं हवं.

यावर इतका जोर देतोय कारण मी इथेच तोंडघशी पडलो. घरी कपाटाचं काम चालू होतं आणि सुतारकाकांच्या डब्यात मधासारखं सुंदर पॉलिश उरलं होतं. मी एक ऑर्क (गोब्लिनचा धिप्पाड भाऊबंद) बुडवला. बाहेर काढला तर हिरवा रंग दंडावरून सुटून पायाशी गोळा होत होता आणि खालचा पांढरा प्रायमर डोकावत होता. ते फ्रेंच पॉलिश होतं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. स्पिरिट वाळलेल्या ॲक्रिलिकलाही, म्हणजे मूर्तींच्या पाण्यात मिसळायच्या रंगालाही, उचलतं. लाकडावर मारायच्या एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) लॅकरचा थिनर तर त्याहून वाईट, त्याने प्लास्टिकच चिकट होतं. टर्पेंटाइन मात्र वाळलेल्या ॲक्रिलिकला काही करत नाही. इनॅमलने रंगवलं असेल तर तेही सुटेल, तेव्हा खाली ॲक्रिलिकच हवं.

आता रंग. डिपिंग जमेल की फसेल हे खरं तर इथेच ठरतं. वॉर्निश सगळंच एक-दोन छटांनी गडद करतं, म्हणून शेवटी जो रंग हवा त्याहून फिका लावायचा. तुमच्या फोटोतला हिरवा आधीच बाटलीच्या काचेसारखा गडद आहे. तो बुडवलात तर शेवाळाचा गोळा हाती येईल. त्यात पिवळा घाला, अगदी कच्च्या कैरीइतका फिका होईपर्यंत. चामड्याला पिवळसर मातकट, दातांना आणि हाडांना हस्तिदंती. ही अवस्था भयंकर दिसते, शाळेतल्या क्रेयॉनने भरल्यासारखी. दिसू द्या. पांढरं कापड मात्र चहा सांडलेल्या रुमालासारखं होतं. तुम्हाला तेच हवंय म्हणा.

नाव डिपिंग असलं तरी मी हल्ली बुडवत नाही. पूर्वी पकडीत धरून बुडवायचो आणि ताप बघायचा जुना थर्मामीटर झटकतात तसा झटकायचो. गॅलरीच्या भिंतीवर अजून तपकिरी ठिपके आहेत आणि त्यांचा विषय दर दिवाळीला निघतो. झटकायचंच असेल तर मोठ्या खोक्यात हात घालून झटका. नाहीतर जाड जुन्या ब्रशने वॉर्निश सढळ हाताने फासा, परिणाम तोच.

त्यानंतरची वीस मिनिटं मूर्तीसमोरून हलू नका. काख, हनुवटीखाली, दोन पायांच्या मध्ये, ढालीच्या आतल्या कडेला तळी साचतात. कोरड्या ब्रशचं टोक नुसतं टेकवलं तरी ते जादाचं पिऊन घेतं. मग ब्रश कागदावर पुसा आणि पुढच्या तळ्याकडे वळा. पण एकदा का वर साय धरायला लागली की हात लावू नका. ती फाटली तर सुरकुती कायमची. एका वेळी पाच-सहाच घ्या, कारण सहाव्यापर्यंत पोचेस्तोवर पहिल्याची साय धरलेली असते.

खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळ गॅस पेटलेला नको. वॉर्निश पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कचऱ्यात टाकू नका. अशा तेलकट चिंध्या वाळताना तापतात आणि आपोआप पेटू शकतात. मोकळ्या पसरून वाळू द्या.

वाळायला निदान २४ तास. पावसाळ्यात मी तीन दिवस ठेवतो. वाळलेली टोळी गुळाच्या पाकात घोळल्यासारखी चमकेल आणि सगळं वाया गेलं असं वाटेल. मॅट वॉर्निश मारलं की चकाकी जाते आणि मळ उरतो. फक्त जुलैच्या दमट हवेत स्प्रे मारू नका, त्यावर पांढरी धुरी धरते. त्या दिवसांत ब्रशने लावायचं मॅट वॉर्निश बरं, पातळ दोन हात.

सिटाडेलचे काँट्रास्ट (२०१९) आणि आर्मी पेंटरचे स्पीडपेंट (२०२२), म्हणजे एकाच हातात रंग आणि सावली दोन्ही देणारे रंग, आल्यापासून डिपिंगला जुनाट म्हणणारे पुष्कळ झालेत. ते रंग सोपे आहेतच. पण पॉलियुरेथेनचं कवच टणक असतं, आणि माझ्याकडच्या मूर्ती भाच्यांच्या हाती पडतात, म्हणून मी ते सोडलेलं नाही. गुळगुळीत झगे, घोडे, निळ्या पोशाखातले एल्फ यांच्यावर मात्र हे वापरू नका. मोठ्या सपाट भागावर ते डागांसारखं दिसतं.

मॅट झाल्यावर प्रत्येक गोब्लिनला आणखी दोन मिनिटं द्या. नाकाचा शेंडा आणि बोटांची पेरं यांवर तोच कैरीचा रंग, तलवारीच्या कडेला नारिंगी गंज, पावलांवर स्पंजने चिखल. शेवटी नाकपुडीखाली ग्लॉस वॉर्निशचा एक थेंब सोडा. शेंबूड मॅट नसतो.