रोज रात्री डायरी लिहायचीय? आधी एवढंच करा

जाडजूड नवी वही आणि रोज दोन पानं, हा बेत सध्या बाजूला ठेवा. बहुतेकांचं तिथेच फसतं. पहिला आठवडा जोरात, मग एक दिवस पाहुणे, एक दिवस कंटाळा, आणि वही कपाटात.

सुरुवातीला तीनच ओळी, पण रोजच्या एखाद्या कामाला जोडून. जेवणानंतरची आवराआवर झाली की लगेच, असं काहीतरी. अंथरुणात पडून लिहायचं ठरवलंत तर झोपच जिंकते.

काय लिहायचं, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. "दिवस बरा गेला" यातून हाती काही लागत नाही. एकच प्रसंग धरा: "मीटिंगमध्ये माझं बोलणं मध्येच तोडलं. मी हसून गप्प बसले. राग घरी आल्यावर निघाला, तोही मुलावर." आता विचार करायला काहीतरी सापडलं ना?

हमखास होणाऱ्या चुका:

- रोज स्वतःची उलटतपासणी घेणं. चार दिवसांत वहीची धास्ती वाटायला लागते.
- बुडलेल्या दिवसांची भरपाई. बुडाला तो बुडाला, आजचं लिहा.
- कुणी वाचेल म्हणून सजवून लिहिणं.

उद्याची कामं डोक्यात घोळत असतील तर तीही उतरवा. ही यादी मात्र अगदी झोपताना केली तरी चालते. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या २०१८ मधल्या प्रयोगात, झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी करणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी करणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली होती.

ॲप की वही, महिन्याचा आढावा वगैरे नंतर बघू.