गाडीत स्पीकर एकच असेल तर डेकचे दोन्ही चॅनल एकत्र जोडता येतात का?

जुन्या ओम्नीत एकच स्पीकर आहे, मग डेकच्या डाव्या-उजव्या वायरी एकत्र पिळून त्याला दिल्या तर चालेल का, असं विचारलंयत. नाही चालत. आमच्या दाजींनी पिळल्या होत्या.

अप्पांची काळी-पिवळी पद्मिनी, डॅशबोर्डात एक स्पीकर. २००८च्या दसऱ्याला मी लॅमिंग्टन रोडवरून डेक आणला. जोडायला बसलो आणि दाजी डोंबिवलीहून हजर. ते वायरमन, त्यामुळे चाळीत माझं कोण ऐकतंय! ‘दोन नळ एका बादलीत सोडतो ना, तसंच हे,’ म्हणत त्यांनी पांढरी (डावीकडची प्लस) आणि राखाडी (उजवीकडची प्लस) पिळली, काळ्या पट्टीच्या दोन मायनस पिळल्या, वर टेप. रेडिओवर बातम्या झकास लागल्या. दाजींनी चहा मागवला. मग अप्पांनी अभंगांची सीडी घातली आणि डेक गुदमरायला लागला. दोन ओळी, गप्प, परत दोन ओळी. तिसऱ्या अभंगाला जळका वास. बाहेर झेंडूचा हार, आत धूर.

बातम्यांत दोन्ही चॅनलचा आवाज एकच, म्हणून निभावलं. गाण्यात डावीकडे टाळ, उजवीकडे पेटी. डेकमध्ये एका चॅनलचा ॲम्प्लिफायर व्होल्टेज वर ओढतो, दुसऱ्याचा खाली, आणि करंट स्पीकर सोडून एकमेकांतच फिरतो. ॲम्प्लिफायरची चिप, म्हणजे आयसी, उडाला. बादलीतलं पाणी नळात परत शिरत नाही हो दाजी, करंट शिरतो!

दुसरा डेक आणल्यावर दीडशहाणपणा मी केला. स्पीकरच्या एका टोकाला पांढरी, दुसऱ्याला राखाडी. गायक गायब! नुसते कडेचे टाळ आणि घुमारा. अशा जोडणीत स्पीकर दोन चॅनलमधला फरक वाजवतो आणि गायक दोन्हीकडे सारखाच असतो, तो वजा होतो. अप्पा म्हणाले, ‘बुवा कुठे उतरले रे?’

तुम्ही फोनवरून ऐकत असाल तर फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू करा आणि फक्त पांढरी व तिची काळ्या पट्टीवाली जोडा. उरलेल्या प्रत्येक स्पीकर-वायरीला वेगळी टेप. वेगळा ॲम्प्लिफायर लावणार असाल तर डेकच्या आरसीएमधून (ॲम्प्लिफायरला सिग्नल देणारे मागचे गोल सॉकेट) डाव्या-उजव्या सिग्नलला एकेक १ किलोओहमचा रेझिस्टर लावून मग एकत्र करा. दोन कॉइलचा स्पीकर मिळाला तर प्रश्नच मिटला, एकेका चॅनलला एकेक कॉइल. फक्त प्रत्येक कॉइल ४ ओहमच्या खाली नको.

हां, फोनची सेटिंग रेडिओला लागू होत नाही, तिथे एकच बाजू ऐकू येईल. मला कधी खटकलं नाही. आणि स्पीकरची मायनस गाडीच्या बॉडीला देऊ नका. हल्लीच्या डेकमध्ये प्लस-मायनस दोन्हीवर साधारण ६ व्होल्ट असतात.

दाजी अजून प्रत्येक लग्नात सांगतात की डेकच बोगस होता. दुसराही त्याच दुकानातला, त्याच मॉडेलचा होता. टॅक्सी भंगारात जाईपर्यंत वाजला, एका चॅनलवर.