सहा आठवडे झाले, आई वॉकर सोडत नाही

"गुडघा बदलून सहा आठवडे झाले. डॉक्टर म्हणतात, छान आहे. पण आई वॉकर सोडत नाही. सांधा नीट बसला नसेल का?" असं विचारायला मुलगा येतो नाहीतर सून. आई शेजारी गप्प.

अशाच एक काकू. वय ६७, उजवा गुडघा. एक्स-रे चांगला, गुडघा ९० अंशांच्या पुढे वाकतोय. माझं लक्ष वॉकरकडे गेलं. खालची रबरी बुचं कोरी करकरीत! सोडायचं दूरच, तो धरलाच जात नव्हता.

मुलाला बाहेर बसवलं, तेव्हा बोलल्या. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी संडासला जाताना गुडघा एकदम दुमडला. सुनेने धरलं म्हणून वाचल्या. पाय बधिर करणाऱ्या इंजेक्शनचा अंमल असला की असं होऊ शकतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मुलाचं एकच, "आई, तू उठू नकोस, मी देतो." पाणी हातात, गोळ्या हातात, गुडघ्याखाली मऊ उशी. ती उशी आधी काढायला लावली. आराम वाटतो खरा, पण गुडघा सरळ होत नाही आणि चाल लंगडी पडते. उशी टाचेखाली हवी.

सूज, ऊब, कटकट आवाज, टाक्यांच्या बाहेरच्या बाजूचा बधिरपणा, प्रत्येकात त्यांना सांधा निखळल्याची खूण दिसे. सूज तर काही महिने रेंगाळतेच. मात्र पोटरी दुखून सुजली, धाप लागली, ताप आला किंवा जखम पाझरली, तर माझ्याकडे येऊ नका, थेट डॉक्टर गाठा.

"घाबरू नका" म्हणून कुणाची भीती गेलेली मी पाहिली नाही. विचारलं, घरात काय करावंसं वाटतं?

"माझा चहा मला करू द्या. सुनेचा पाणचट होतो."

पलंगापासून ओटा चौदा पावलं. फिजिओथेरपिस्टशी बोलून ठरवलं : दुखण्याची गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाने वॉकर धरून ओट्यापर्यंत. कप तिथेच खुर्चीत बसून संपवायचा, कारण वॉकर धरून कप नेता येत नाही. मुलाने हॉलमध्ये बसायचं, हाक मारल्याशिवाय उठायचं नाही. हे त्यालाच जास्त जड गेलं.

महिन्याने काकू काठी घेऊन आल्या. काठी उजव्या हातात. गुडघा उजवा म्हणजे काठी डावीकडे, मी आठवण करून दिली.

"माहितीये हो. पण डाव्या हातात पर्स आहे ना!"