सोसायटीच्या पीसीवर लिनक्स टाकलं की प्रश्न मिटला का?

प्रश्न थोडक्यात असा की घोडबंदर रोडवरच्या तुमच्या सोसायटीच्या ऑफिसातला पीसी विंडोज १० वर आहे, त्याचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, मशीन जुनं म्हणून विंडोज ११ घेत नाही, आणि कमिटीत तीन मतं पडलीत. सेक्रेटरींचा भाचा म्हणतो विंडोजच्या जागी लिनक्स टाका, ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कोणालाही वाचता येतो, जगभरचे लोक कोड बघतात, व्हायरस येतच नाही. खजिनदार काका म्हणतात जो कोड चोरालाही वाचता येतो त्याच्या भरवशावर मेंबरांचे पैसे कसे ठेवायचे. आणि स्टेशनजवळचा रिपेअरवाला म्हणतो दोघांचं सोडा, पंधराशे द्या, संध्याकाळपर्यंत विंडोज ११ टाकून, ॲक्टिव्हेट करून देतो.

मी ऐरोलीला सर्व्हर सांभाळायचं काम करतो, दिवसभर समोर लिनक्सच असतं, म्हणजे खरं तर मी भाच्याच्या पार्टीतला. पण त्याने दिलेलं कारण मला पटत नाही आणि काकांचंही पटत नाही. कोड उघडा की बंद यावर दोघं भांडतायत आणि तुमच्या पीसीचं काय होणार ते त्यावर ठरतच नाही. ते ठरतं सॉफ्टवेअरमध्ये चोराला शिरता येईल असं भोक सापडल्यावर बुजवायला कोणी बसलंय का आणि बुजवलेलं तुमच्या टेबलाखालच्या त्या डब्यापर्यंत कधी पोचतं यावर.

आधी रिपेअरवाला, कारण तो पटकन संपतो. तो ॲक्टिव्हेट करतो म्हणजे काय करतो ते एकदा शेजारी उभं राहून बघा. खिशातून पेनड्राइव्ह काढतो, पहिलं काम विंडोजचा अँटीव्हायरस डिफेंडर बंद, मग एक फोल्डर एक्सक्लूजनमध्ये टाकतो, म्हणजे अँटीव्हायरसने तिथे बघायचंच नाही, आणि मग एक ईएक्सई, म्हणजे प्रोग्राम, ॲडमिन म्हणून (सगळे हक्क देऊन) चालवतो. ती कोणी बनवली हे त्यालाही माहीत नसतं, टेलिग्रामवरून उचललेली असते. तोच पेनड्राइव्ह सकाळी नौपाड्यातल्या कुठल्या दवाखान्यात लागून आलेला असतो, दुपारी कळव्यातल्या क्लासमध्ये लागणार असतो. वर टीपीएमचा (विंडोज ११ ला लागणारी सिक्युरिटीची चिप) चेक चुकवून जुन्या मशीनवर विंडोज ११ बसवलं तर पुढचे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणजे ज्या दुखण्यासाठी निघालो तेच परत. माणूस वाईट नसतो बिचारा, पण याच मशीनवर तुम्ही सोसायटीचं नेटबँकिंग उघडणार आहात. नको.

आता काका. त्यांची शंका हसण्यावारी नेऊ नका, चांगले इंजिनियर लोकही हेच विचारतात. वाद फार जुना आहे, १८८३ साली ऑगस्ट केर्कहॉफ्स नावाच्या डच माणसाने लष्करी सांकेतिक लिपीबद्दल लिहिताना सांगून ठेवलंय की पद्धत शत्रूच्या हाती लागली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. आज ज्या एईएस नावाच्या सांकेतिक पद्धतीवर नेटबँकिंग चालतं त्याचं गणित सगळं उघड आहे, कोणीही वाचावं. आणि उलट बाजूने बघा, कोड झाकला म्हणून भोकं झाकली जात नाहीत. विंडोजचा कोड बंदच आहे ना, तरी अमेरिकेच्या एनएसएने त्यातलं एक भोक शोधलं, स्वतःच्या कामासाठी दडवून ठेवलं, मग त्यांच्याकडूनच ते फुटलं, एप्रिल २०१७ मध्ये नेटवर आलं आणि मे महिन्यात वॉनाक्राय हा व्हायरस जगभर पसरला. मायक्रोसॉफ्टने पॅच, म्हणजे भोक बुजवणारा अपडेट, मार्चमध्येच दिला होता. लावला नव्हता त्यांची वाट लागली.

आणि त्याच भोकाचा पुढचा अंक आपल्या दारात झाला, काकांना आठवत असेल. जून २०१७ च्या शेवटी उरणला जेएनपीटी बंदरातल्या मर्स्क या जहाज कंपनीच्या टर्मिनलचे कॉम्प्युटर गेले, कंटेनर चढवणं उतरवणं अडकलं, माल तुंबायला लागला, जमेल तेवढं हाताने करायची वेळ आली. व्हायरसचं नाव नॉटपेट्या. निघाला कुठून, तर युक्रेनमधल्या एका टॅक्स-हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. विकतचं सॉफ्टवेअर, अधिकृत अपडेट, कंपनीच्याच सर्व्हरवरून आलेलं. मर्स्कला दहा दिवसात ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे करायला लागले. यात एक गोष्ट लोक विसरतात की मार्चचा पॅच लावलेली मशीनंही त्यात गेली, कारण एका मशीनच्या मेमरीतून ॲडमिनचा पासवर्ड उचलायचा आणि तोच पुढच्या मशीनवर चालवायचा अशी सोय व्हायरसच्या आतच होती, आणि ती ज्या मिमिकॅट्झवरून घेतली होती ते टूल ओपन सोर्स आहे. म्हणजे दोन्ही पार्ट्यांचं एक एक पोर त्या भानगडीत होतं. (म्हणून सांगतो, ऑफिसात रोजचं काम ॲडमिन लॉगिनने करू नका. वेगळं साधं अकाउंट करा, फुकट आहे, पाच मिनिटं लागतात, आणि तरी कोणी करत नाही.)

आता भाचा. जगभरचे लोक कोड बघतात हे वाक्य मी कॉलेजमध्ये असल्यापासून ऐकतोय. सोसायटीचा ऑडिट झालेला ताळेबंद कुठल्याही मेंबरला बघायला मागता येतो, तुमच्याकडे गेल्या पाच वर्षात किती जणांनी मागितला? कोडचं तसंच आहे. ओपनएसएसएल या ज्या सॉफ्टवेअरवर जगातल्या लाखो साइट्सचं कुलूप, त्यातलं हार्टब्लीड नावाचं भोक २०१२ मध्ये आत शिरलं नि एप्रिल २०१४ मध्ये सापडलं, आणि तेव्हा कळलं की एवढा जगाचा भार वाहणाऱ्या प्रोजेक्टवर पूर्णवेळ माणसं नावापुरती. बॅश या लिनक्सवर हुकूम टाइप करायच्या टूलमधला शेलशॉक तर १९८९ पासून पडून होता, सापडला २०१४ मध्ये, पंचवीस वर्षं कोड सगळ्यांसमोर उघडा! डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारात २००६ साली एकाने एक टूल तक्रार करतंय म्हणून ओपनएसएसएलमधल्या एक-दोन ओळी काढल्या आणि त्याबरोबर किल्ल्या बनवायला लागणारा यादृच्छिकपणाच गेला. मे २००८ पर्यंत डेबियन आणि त्यावरून बनलेल्या उबुंटूवर बनलेल्या किल्ल्या अंदाजाने काढता येतील इतक्या मोजक्या राहिल्या. बघता येतं आणि बघितलं जातं यात फार अंतर आहे राव.

पण भाच्याच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्टही इथेच आहे आणि ती मी जरा सविस्तर सांगतो कारण मला ती फार आवडते. एक्सझेड म्हणून फाइली दाबून छोट्या करायचं एक साधं टूल आहे, जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असतं. ते वर्षानुवर्षं फिनलंडमधला एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. २०२१ च्या सुमारास जिया टॅन नावाने कोणीतरी मदतीला आलं, चांगले पॅच द्यायला लागलं, आणि मग दुसऱ्या अनोळखी नावांनी त्या मूळ माणसामागे टुमणं लागलं की तुला वेळ होत नाही, दुसऱ्याला हक्क दे. तो थकलेला होताच, त्याने दिले. दोनेक वर्षं विश्वास कमावून या जिया टॅनने २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये चोरदरवाजा घातला, ज्याच्याकडे खास किल्ली तो एसएसएचमधून, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या सोयीतून, ती व्हर्जन असलेल्या सर्व्हरवर हवं ते चालवू शकेल असा. आणि हुशारी बघा, दरवाजा उघडणारा तुकडा सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हताच, तो फक्त रिलीजच्या दाबलेल्या फाइलमध्ये होता आणि बाकीचा माल टेस्टच्या नावाखाली ठेवलेल्या फाइलींमध्ये लपवलेला. म्हणजे कोड वाचणाऱ्याला वाचूनही दिसला नसता.

सापडला कसा, तर आंद्रेस फ्रॉइंड म्हणून पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा इंजिनियर, नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये, तो त्याच्या टेस्टिंगच्या मशीनवर वेगळंच काहीतरी मोजत होता. त्याला दिसलं की एसएसएचचं लॉगिन फेल व्हायलासुद्धा ०.३ सेकंदाऐवजी ०.८ सेकंद लागतायत आणि सीपीयू उगाच खर्च होतोय. अर्धा सेकंद! आपण तेवढ्यात स्क्रीनकडे बघत पण नाही. त्याने खोदत खोदत मूळ गाठलं आणि २९ मार्च २०२४ ला, गुड फ्रायडेच्या दिवशी, सगळं जाहीर केलं. बंद सॉफ्टवेअर असतं तर तो फार तर कस्टमर केअरला तिकीट टाकून बसला असता. उघड्या कोडचा खरा फायदा हा आहे, सगळे बघतात हा नाही, तर ज्या एकाला खाज सुटते त्याला तळापर्यंत जायला कोणी अडवत नाही.

आणि यातलीच तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे ती खराब व्हर्जन डेबियनच्या टेस्टिंग या चाचणीच्या आवृत्तीत, फेडोरा या दुसऱ्या लिनक्सच्या पुढच्या आवृत्तीत अशा ठिकाणी पोचली होती. डेबियन स्टेबल या पक्क्या आवृत्तीवर बसलेल्यांना धक्काही लागला नाही, कारण तिथे नवीन व्हर्जन येतच नाही, जुन्याच व्हर्जनला फक्त सिक्युरिटीचे पॅच लावून देतात. म्हणून नॉटपेट्या आणि एक्सझेड दोन्ही अपडेटमधूनच आले, मग अपडेट बंदच ठेवू का, असं कोणी कमिटीत विचारलं (विचारतीलच) तर सांगा की सिक्युरिटीचा पॅच लगेच घ्यायचा, नवीन फीचरची घाई करायची नाही. अपडेट बंद ठेवणाऱ्यांचं काय होतं त्याला अमेरिकेतली क्रेडिटची माहिती ठेवणारी कंपनी इक्विफॅक्स पुरे, साइट बनवायच्या ओपन सोर्स अपाचे स्ट्रट्सचा पॅच मार्च २०१७ मध्ये आलेला, यांनी लावला नाही, मे पासून चोरी सुरू आणि चौदा कोटींहून जास्त लोकांची माहिती गेली. पॅच फुकट होता हो.

तर करायचं काय. टॅली तुमच्याकडे असणारच, आणि ते लिनक्सवर सरळ चालत नाही. वाइन नावाचं, विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर घालून चालवतात काही जण, पण ऑडिटच्या आठवड्यात बंद पडलं की भाचा फोन उचलणार नाही. टीडीएससाठी डीएससीचं (डिजिटल सहीचं) टोकन लागत असेल तर त्याचे ड्रायव्हर पण विंडोजवरच सुखाने चालतात. तेव्हा हिशेबासाठी इंटेलच्या आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीच्या प्रोसेसरचं एखादं रिफर्बिश्ड मशीन खऱ्या लायसन्सच्या विंडोज ११ सकट घ्या, जनरल बॉडीत दहा मिनिटं आरडाओरडा होईल, होऊ द्या. जुन्या पीसीवर लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) टाका, २२ ची मालिका २०२९ पर्यंत पॅच घेत राहील, आणि मेल, नोटिसा, नेटबँकिंग त्याच्यावर करा. टॅलीवाला पीसी बँकेसाठी उघडायचाच नाही. सेक्रेटरींच्या घरी विंडोज १० चा लॅपटॉप असेल तर मायक्रोसॉफ्टची वाढीव अपडेटची योजना घरगुती वापराला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावरून नाव नोंदवता येतं.

मिंट फक्त त्यांच्या साइटवरून घ्या, आणि घेतलेली फाइल तपासा. २० फेब्रुवारी २०१६ ला मिंटची साइटच हॅक झाली होती आणि १७.३ सिनॅमन आवृत्तीच्या लिंकवर चोरदरवाजा घातलेली आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, ठेवली होती. मिंटच्या कोडला काही झालं नव्हतं, दुकानाच्या दारातच माल बदलला. नुसता चेकसम (फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवून भागत नाही कारण साइट हॅक करणारा तो आकडाही बदलू शकतो, फाइलची डिजिटल सही तपासायची, भाच्याला सांगा, तेवढं काम तर त्याने करावंच. लिब्रेऑफिससारखं काही विंडोजवर लागलं तरी गुगलवर नाव टाकून पहिली जाहिरातीची लिंक दाबू नका, २०२३ मध्ये कीपास या पासवर्ड ठेवायच्या सॉफ्टवेअरच्या नावाने अशाच जाहिरातीतून हुबेहूब खोटी साइट चालवली होती.

एक अडचण येणार ती आधीच सांगतो. जुन्या नोटिसा आणि मिनिट्स श्रीलिपीत टाइप केलेल्या असतील तर मिंटवर उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसेल, घाबरू नका, फाइल खराब झालेली नाही, फॉन्ट नाही एवढंच. आधीच विंडोजवरून सगळ्याच्या पीडीएफ काढून ठेवा. नवीन मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा, मराठी इन्स्क्रिप्ट मिंटमध्ये कीबोर्डच्या यादीत मिळतो.

आणि हे सगळं करूनही हिशेब लिहायला येणाऱ्या माणसासाठी एनीडेस्क, म्हणजे दुरून पीसी चालवायचं सॉफ्टवेअर, कायमचा पासवर्ड लावून चोवीस तास चालू ठेवलेलं असेल तर लिनक्स काय नि विंडोज काय. ते काम असेल तेव्हाच चालू, काम झालं की बंद. बॅकअपची हार्डडिस्क मशीनला लावूनच ठेवलेली असेल तर रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) तीही खाईल, कॉपी झाली की काढून कपाटात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ई-चलान किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके (फोनवर ॲप बसवणारी फाइल) आली तर सेक्रेटरींना फोन करून सांगा की दाबू नका, ओटीपी त्यांच्याच फोनवर येतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, चर्चा नंतर.

पीसीत रॅम किती, टॅली कुठलं आणि प्रिंटर कुठला ते लिहा, मग मिंटची कुठली आवृत्ती ते सांगतो. इथल्या निम्म्या सीएंकडे दिसतो तसा जुना छोटा लेझर असेल तर मिंट आधी पेनड्राइव्हवरूनच चालू करा, एक प्रिंट काढून बघा, निघाली तरच हार्डडिस्कला हात लावा.