प्रयोगशाळेतून पेटंटकडे जाताना

प्रश्न : मी सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएच.डी. केली असून सध्या पॉलिमरच्या लेपांवर संशोधन करतो. प्रयोगांपेक्षा अहवाल लिहिण्यात माझे मन अधिक रमते. पेटंटच्या क्षेत्रात जाण्यासाठी कायद्याची पदवी आवश्यक आहे का, आणि तेथे गेल्यावर माझे रसायनशास्त्र वाया जाईल का? – एक वाचक

उत्तर : पहिल्या शंकेचे उत्तर थोडक्यात देता येते. पेटंटचा अर्ज लिहिणे आणि पेटंट कार्यालयापुढे तो चालवणे यासाठी कायद्याची पदवी सहसा लागत नाही. भारतात १९७०च्या पेटंट कायद्यानुसार विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाच्या पदवीधराला पात्रता परीक्षा देऊन पेटंट एजंट होता येते. अमेरिकेतही विज्ञानाची पदवी आणि नोंदणी परीक्षा पुरते. युरोपात मात्र परीक्षेआधी अनुभवी प्रतिनिधीच्या हाताखाली साधारण तीन वर्षे उमेदवारी करावी लागते. न्यायालयात उभे राहायचे असेल, तर वकिलीची सनद हवी.

आपली दुसरी शंका अधिक महत्त्वाची आहे. पेटंटचा गाभा म्हणजे त्यातील दावे, म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागितला आहे हे सांगणारी वाक्ये, आणि संशोधकाने प्रत्यक्ष बनवलेल्या मोजक्या संयुगांवरून त्यांच्यासारख्या संयुगांच्या किती मोठ्या कुटुंबावर हक्क सांगता येईल, हे ठरवायला रसायनशास्त्रच लागते. १९२४मध्ये अमेरिकेत यूजीन मार्कुश यांच्या अर्जातून ‘अमुक गटातून निवडलेला’ अशी दाव्याची रचना रूढ झाली. आज अशा एकाच सूत्रात लाखो संयुगे मावू शकतात. परंतु मिथाइल आणि इथाइल या लहान गटांवर चाललेली अभिक्रिया अवजड टर्शरी ब्युटाइल गटावरही चालेल का, हे कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. दावा फार रुंद केला तर पेटंट कार्यालयातील परीक्षक तो आधाराअभावी नाकारतो, आणि फार अरुंद केला तर प्रतिस्पर्धी एक कार्बन वाढवून बाजूने निघून जातो.

पदार्थविज्ञानातील एक खटला आपण जरूर वाचावा. टायटॅनियममध्ये ०.२ ते ०.४ टक्के मॉलिब्डेनम आणि ०.६ ते ०.९ टक्के निकेल असलेल्या मिश्रधातूवर एका अमेरिकी कंपनीने दावा केला होता, आणि उष्ण खारट पाण्यात तो गंजण्यास चांगला विरोध करतो हा गुण तिच्या संशोधकांनीच शोधला होता. पण एका जुन्या रशियन लेखातील आलेखावर ०.२५ टक्के मॉलिब्डेनम आणि ०.७५ टक्के निकेल असलेल्या मिश्रधातूचा एक बिंदू होता. लेखात गंजरोधाचा उल्लेख नव्हता, तरीही १९८५मध्ये न्यायालयाने दावा फेटाळला, कारण दावा मिश्रधातूवर होता आणि तो मिश्रधातू नवा नव्हता. ०.३ आणि ०.८ टक्के असा नेमका दावाही टिकला नाही, कारण इतक्या जवळच्या मिश्रणांचे गुण सारखेच असणार, ही अपेक्षा स्वाभाविक होती. असा आलेख वाचून त्यातील धोका ओळखणे हे रसायनशास्त्रज्ञाचेच काम आहे.

गमावण्यासारखेही काही आहे. हातात फ्लास्क राहत नाही, आणि मुदतींचा काच कायम असतो: पहिल्या अर्जानंतर परदेशी अर्जासाठी बारा महिने, तर एकाच आंतरराष्ट्रीय अर्जाच्या मार्गाने गेल्यास देशोदेशीच्या पुढील टप्प्यासाठी बहुतेक ठिकाणी तीस महिने. शोधनिबंध आधी छापून नंतर पेटंटसाठी धावत येणारे संशोधक आपल्याला हमखास भेटतील, आणि छापलेला शोध नवा राहत नसल्याने बहुतेक देशांत त्यांना नकार सांगण्याचे अप्रिय काम आपल्याकडेच येईल.

कंपनीत जावे, कायदेसंस्थेत की पेटंट कार्यालयात परीक्षक व्हावे, हे नंतर ठरवता येईल. माझ्या मते लिखाणाचा कस कायदेसंस्थेत सर्वाधिक लागतो. तूर्तास आपल्या विषयातील एक मंजूर युरोपीय पेटंट निवडा, युरोपीय नोंदवहीत खुला असलेला त्याचा परीक्षकाशी झालेला पत्रव्यवहार वाचा, आणि मग स्वतःच्या प्रबंधातील एखाद्या लेपासाठी पहिला दावा लिहून पाहा. दोन ओळींच्या त्या वाक्यावर आपण आनंदाने तासन्‌तास घालवू शकत असाल, तर पात्रता परीक्षेच्या तयारीला लागायला हरकत नाही.