पुढची गाडी गेली म्हणून

एसटीच्या स्टिअरिंगवर मी एकतीस वर्षं काढली. त्यातली बहुतेक कोल्हापूर–राधानगरी आणि कोल्हापूर–गगनबावडा या दोन वाटांवर गेली. घर शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या हाकेवर. त्यामुळं पुराचं पाणी मी नोकरीतही बघितलं आणि उंबऱ्यावरही. या महिन्यात आलेली चारही पत्रं पुराचीच आहेत.

प्रश्न : आम्ही कळ्याच्या पुढं एका वाडीत राहतो. मालक शिरोलीच्या एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला असतात. मोटारसायकलनं रात्री बारा-साडेबाराला घरी पोचतात. वाडीच्या अलीकडं ओढ्यावर फरशी पूल आहे. मोठा पाऊस लागला की अर्ध्या तासात त्यावरून पाणी जातं. मालक म्हणतात, ‘गुडघ्याच्या खाली असतंय, पुढच्या गाड्या जातात, मी पण जातो.’ ते येईपर्यंत माझा डोळा लागत नाही. त्यांना कसं समजावू?
– एक वाचक भगिनी, पन्हाळा तालुका

उत्तर : ताई, ‘पुढची गाडी गेली’ हे वाक्य मी नोकरीत शेकडो वेळा ऐकलं. एका रात्रीचं सांगतो.

२००५ चा पावसाळा. भोगावतीच्या काठानं जाणाऱ्या एका आडरस्त्यावर माझी शेवटची फेरी होती. गाडीत चाळीसेक माणसं, बाजार करून परतणारी. ओढ्याजवळ आलो तर पुलावरून पाणी चाललेलं. पाणी वाहत्या पुलावर गाडी घालायची नाही, अशी आम्हाला सक्त ताकीद असायची. मी गाडी थांबवली. मागून एक जीप आली, क्षणभर थबकली आणि पाणी उडवत पार झाली. झालं! गाडीत गलका सुरू झाला. ‘ड्रायव्हरसाहेब, घाला की! जीप गेली, तुमची गाडी तर केवढी!’ एक म्हातारी रडायला लागली, तिची नात घरी एकटी होती. खरं सांगतो, त्या म्हातारीमुळं माझा हात एकदा गिअरवर गेला होता. पण पुलाच्या कडेचे काळे-पांढरे दगड मला दिसत नव्हते. गाडी मागं घेतली आणि सगळ्यांना अलीकडच्या गावात शाळेच्या वऱ्हांड्यात उतरवलं. गावकऱ्यांनी चहा केला. सकाळी पाणी ओसरल्यावर चालत बघायला गेलो. पुलाला लागून जिथं माझं डावं चाक पडलं असतं, तिथला रस्ता दोन हात आत खचून वाहून गेला होता. जीप गेली तेव्हा तो शाबूत होता, का जीपच्याच वजनानं ढासळला, ते कुणाला सांगता येणार?

मालकांना हेच सांगा. पाणी किती खोल आहे ते एक वेळ अंदाजानं कळेल, पण पाण्याखाली रस्ता उरलाय का नाही ते कळत नाही. पुढची गाडी गेली यावरून ती गेली एवढंच समजतं. रात्री तर हेडलाइटच्या उजेडात वाहतं पाणी नुसत्या ओल्या डांबरासारखं दिसतं. जवळ जाईपर्यंत डोळा फसतो.

आता ‘गुडघ्याखाली’चं बघू. वेगानं वाहणारं सहा इंच पाणीसुद्धा उभ्या माणसाचे पाय काढू शकतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. मोटारसायकलला तर पाणी आडवं लागतं आणि तोल फक्त दोन चाकांवर. कारवाल्यांनीही फुशारून जाऊ नये. एक घनमीटर पाण्याचं वजन हजार किलो, आणि छोटी कार असते आठ-नऊशे किलोची. पाणी गाडीच्या पोटाला टेकलं की ते तिला वर उचलायला लागतं. फूटभर पाण्यात छोटी कार तरंगू लागते, दोन फुटांत मोठी जीपही. चाकं रस्त्यावरून सुटली की स्टिअरिंग आणि ब्रेक हातात असून नसल्यासारखे.

कधी कधी पुलावर पाणी नसतं आणि पूलच नसतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरात वाहून गेला. अंधारात दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं त्या खिंडारात गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही ड्रायव्हर-कंडक्टर स्टँडवर एकमेकांशी बोललो नाही. त्यानंतर मुसळधार पावसात नदीवरचा पूल आला की मी गाडी हळू करायचो आणि पलीकडून येणाऱ्या गाडीचे दिवे दिसतात का ते बघायचो.

ताई, यात एक काम तुमचंही आहे. पाऊस लागला की आपण घरच्या माणसाला फोन करतो, ‘कुठवर आलाय? लवकर या.’ या ‘लवकर या’मुळं माणूस पाण्यात गाडी घालतो. त्याऐवजी आजच, ऊन असताना, दोघांनी बसून ठरवा की ओढ्याच्या अलीकडं कुणाच्या घरी रात्र काढायची. तिथं त्यांचा एक टॉवेल आणि कपड्यांचा जोड ठेवून द्या. पुलाच्या दगडांपैकी एकावर खूण करा. खुणेला पाणी लागलं की थांबायचं, तिथं पोचल्यावर विचार करत बसायचं नाही. आणि पावसाच्या रात्री तुम्हीच आधी फोन करून सांगा, ‘तिकडंच राहा, इकडं सगळं ठीक आहे.’ बायकोनं असं म्हटलं की पुरुषाला थांबणं सोपं जातं. माझ्या मंडळींनी मला तसं म्हणायला सुरुवात केली, तेव्हा हे मला कळलं.

प्रश्न : वडील ७६ वर्षांचे आहेत. चिखलीत घर. २०१९ ला आणि २०२१ ला दोन्ही वेळा ते शेवटपर्यंत घर सोडायला तयार नव्हते, बोटीतून काढावं लागलं. पुण्यातून मी फोनवर किती ओरडणार?
– एक वाचक, पुणे

उत्तर : दादा, ओरडू नका. तुमचे वडील घरासाठी थांबत नसतात, गोठ्यासाठी थांबतात. म्हशीच्या डोळ्यांदेखत माणूस बोटीत बसू शकत नाही. म्हणून आधी जनावरं हलवायची. सोनतळीला किंवा उंचावरच्या पाहुण्यांकडं जनावरं गेली की म्हातारा वैरणीच्या काळजीनं आपसूक मागोमाग जातो. माझ्या चुलत्यांना आम्ही असंच हलवलं.

कधी हलवायचं, तो आकडा आताच ठरवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आहे आणि धोका पातळी ४३. २०१९ ला पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं होतं आणि २०२१ ला ५६ फूट ३ इंचांवर. प्रयाग चिखली म्हणजे नद्यांच्या संगमावरचं गाव, तिथं धोका पातळीची वाट बघत बसणं परवडत नाही. माझा सल्ला असा : ३९ ला जनावरं, आणि पाऊस थांबायचं लक्षण नसेल तर पाठोपाठ माणसं. शहरातल्या आमच्यासारख्यांनाही आकडा लागतो. सूतारमळ्यात पाणी लवकर येतं, शुक्रवार पेठेत मागाहून. २०१९ ला मी ‘आपल्यापर्यंत यायचं नाही’ म्हणत राहिलो आणि आईला खांद्यावरून न्यावं लागलं, ती थंडीनं थरथरत होती. ते मला अजून टोचतं. २०२१ ला आम्ही ४३ ची बातमी ऐकली आणि दिवसाउजेडी, कोरड्या पायांनी, चपला घालून बाहेर पडलो.

राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांची बातमी कानावर ठेवा. धरण भरलं की ते आपोआप उघडतात. ते पाणी कोल्हापुरात पोचायला काही तास लागतात, तेवढे तास तुमच्या हातात असतात. पण नुसत्या धरणावर विसंबू नका. पुढं नरसोबावाडीला कृष्णा भरून वाहत असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, आणि इथं पाऊस थांबला तरी पातळी तशीच राहते.

वेळच उरली नाही तर दावी सोडा, नाही सुटली तर कापा. मोकळं जनावर पोहून वाट काढतं, बांधलेलं जागेवर बुडतं. घर सोडताना मेन स्विच आणि सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा. मात्र पाणी घरात आलेलं असेल तर ओल्या पायानं बोर्डाला हात लावायचा नाही, महावितरणला १९१२ वर कळवायचं. आणि बोटीत बसायची वेळ आलीच तर गर्दीत घुसू देऊ नका त्यांना. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटली ती लोकांना वाचवून नेतानाच. दुसरी फेरी येते. जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ आणि तातडीचा ११२, हे दोन आकडे त्यांच्या फोनमागं मोठ्या अक्षरात चिकटवा.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात जयंती नाल्याजवळ रस्त्यावरच्या पाण्यात माझी कार बंद पडली. पुन्हा पुन्हा स्टार्टर मारला, इंजिन गेलं. विम्याचे पैसेही पुरते मिळाले नाहीत. अशा वेळी काय करायचं?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : स्टार्टर मारायचा नाही. एअर फिल्टरच्या वाटेनं पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असतं. हवा दबते, पाणी दबत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडलेल्या गाडीला स्टार्टर मारून झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा धरत नाहीत. त्यासाठी इंजिनचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं.

पण साहेब, तुम्ही इंजिनचं विचारलंत, मी तुमचं सांगतो. पाणी वाढत असताना गाडी बंद पडली तर ती सोडून बाहेर पडा. पट्टा काढा, लगेच काच खाली घ्या, कारण बटण थोडाच वेळ काम करतं. दाराशी झटू नका, बाहेरचं पाणी ते दाबून धरतं. काच उतरत नसेल तर बाजूची काच कोपऱ्यात फोडा. सीटच्या वरच्या उशीचे लोखंडी दांडे त्यासाठी उपयोगी येतात. पुढची काच फुटत नाही, तिच्यावर ताकद घालवू नका. मुलं आधी बाहेर, आणि ओढ असेल तर टपावर बसून हाका मारा. घरच्या सगळ्यांनी उभ्या गाडीत एकदा हे करून बघा. उशी कशी निघते ते तरी आज बघाच. काही गाड्यांत ती निघतच नाही, मग छोटी हातोडी ठेवावी.

जयंती नाल्याचं म्हणाल तर तो दोन बाजूंनी दगा देतो. कात्यायनीकडं मोठा पाऊस झाला की तासाभरात फुगतो. आणि पंचगंगा चढली की त्याचं पाणी नदीत जायचं सोडून शहरात मागं फिरतं. वर ऊन पडलेलं असतानाही व्हीनस कॉर्नरला गाडी लावण्याआधी नदीची पातळी विचारा.

प्रश्न : मी आठवीत आहे. पूर आला की सगळे शिवाजी पुलावर पाणी बघायला जातात. मला मात्र आई जाऊ देत नाही. रविवारी काका राऊतवाडीच्या धबधब्यावर नेणार आहेत, त्यालाही ती नाही म्हणते. आईला समजवा ना.
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : बाळा, पाणी बघायची ओढ मला कळते. मीही लहानपणी घाटावर पळत जायचो, कुठल्या पायरीला पाणी लागलं ते बघायला. पण पुलाच्या बाबतीत मी आईच्या बाजूनं आहे. तिथं गर्दी झाली की बचावाची गाडी अडकते, आणि नदीत वाहत येणारे ओंडके पुलावर येऊन आदळतात.

धबधब्याचं काकांना असं सांग : निघायच्या आधी हवामान खात्याचा इशारा बघायचा. केशरी किंवा लाल असेल तर बेत रद्द. पिवळा असेल तर पाण्यात उतरायचं नाही. तिथं गेल्यावर पाण्याकडं पाठ करून बसू नका. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि वर डोंगरात पाऊस कोसळत असतो. स्वच्छ पाणी एकदम तांबडं झालं, काटक्या-पाला वाहत यायला लागला किंवा आवाज जड झाला, तर चप्पल-मोबाइल तिथंच टाकून वर चढायचं, कडेनं पळत सुटायचं नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एक कुटुंब प्रवाहाच्या मध्यावर अडकलं होतं. एकमेकांना धरून उभे होते, तरी पाण्यानं त्यांना नेलं.

तुला एक काम देतो. शंभर पानी वही घे. रोज सकाळी राजाराम बंधाऱ्याची पातळी, राधानगरीचे किती दरवाजे उघडे आणि तुमच्या घरी पाऊस कसा, एवढं तारखेसह लिही. पातळी ३९ ला पोचली की आईला सांगायची जबाबदारी तुझी. आमच्या घरी ही वही माझी नात लिहिते, आणि २०२१ ला ४३ चा आकडा आम्हाला पहिल्यांदा तिनंच सांगितला होता. जूनची पानं भरली की मला पाठव. मी तिच्या वहीशी ताडून बघीन.