गेर्लँचं ‘व्हेटिव्हर’ थोड्या वेळाने मातकट का वाटतं? बाईने रोज ऑफिसला लावलं तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की मैत्रिणीने दिलेलं, गेर्लँ या फ्रेंच कंपनीच्या या परफ्यूमचं सॅम्पल मनगटावर मारलं तेव्हा छान लिंबासारखं स्वच्छ वाटलं, आणि पाऊण तासाने त्याच जागी ओल्या मुळ्यांचा, मातीचा वास यायला लागला. म्हणून बाटली खोटी असेल अशी शंका आली. पण नुसत्या या बदलावरून ती खोटी ठरत नाही. उलट हा परफ्यूम असाच बदलायला हवा. तो मातकट भाग म्हणजेच व्हेटिव्हर. त्याआधीचं लिंबू ही फक्त सुरुवात.

व्हेटिव्हर म्हणजे आपला वाळा. हा शब्द मूळ तमिळ ‘वेट्टिवेर’, म्हणजे खणून काढलेलं मूळ. फ्रेंचांनी तो उचलला आणि आता तो काचेच्या बाटलीवर छापून आपल्याकडे परत आलाय. उन्हाळ्यात माठात पुरचुंडी टाकतो तो वाळा, कूलरच्या ताट्यांमध्ये भरतात तो वाळा. मी अकोल्याची. एप्रिल-मेमध्ये ताट्यांवर पाणी पडलं की घरभर जो थंड, किंचित कडसर वास पसरायचा तो माझ्या नाकात पक्का बसलेला आहे. तरीही पहिल्यांदा हे परफ्यूम घेतलं तेव्हा मला तो ओळखू आला नव्हता. कारण सरळ आहे. बाजारातल्या हिरव्यागार खस सरबताने आपल्या मनात वाळ्याचं वेगळंच चित्र करून ठेवलंय: गोड, थंड, हिरवं. तो हिरवा रंग घातलेला असतो. खरी मुळं तपकिरी, आणि त्यांचं तेल दाट, सोनेरी ते तपकिरी. त्यात गोडवा थोडाच. सुकं लाकूड, माती, थोडा धूर आणि कुठेतरी कच्च्या गवताचा हिरवट कडूपणा जास्त. सरबताची अपेक्षा ठेवून हुंगलंत तर फसवल्यासारखं वाटणारच.

दुकानदार याला ‘वूडी अरोमॅटिक ग्रीन’ म्हणतात. वूडी कळतं. अरोमॅटिक म्हणजे इथे नुसतं सुगंधी नव्हे. परफ्यूमच्या भाषेत तो पाल्याचा वास आहे, लॅव्हेंडर, सेज, रोझमेरी वगैरेंचा. आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर दवणा, मरवा, तुळस बोटांत चुरडल्यावर येतो तसा. ग्रीन म्हणजे देठ मोडल्याचा, पान फाटल्याचा वास. या हिरव्या वासासाठी गॅल्बनम नावाचा डिंक फार वापरतात. तो इराणकडच्या एका वनस्पतीचा, आणि त्याचा वास ढोबळी मिरची चिरताना येतो त्याच्या अगदी जवळचा. जर्मेन सेलिए या परफ्यूम घडवणाऱ्या बाईंनी १९४७ साली बाल्मँ या फ्रेंच फॅशन कंपनीसाठी ‘व्हाँ व्हेर’ हा परफ्यूम करताना त्यात गॅल्बनम सढळ हाताने ओतलं. तोवर हिरवा वास एवढ्या ठळकपणे कुणी पुढे आणला नव्हता. गेर्लँच्या बाटलीतला हिरवेपणा मात्र मुख्यतः मुळातूनच येतो. म्हणून तो पानासारखा टवटवीत नाही, उपटलेल्या गवताच्या जुडीसारखा आहे, खाली माती लागलेली.

हे व्हेटिव्हर झाँ-पॉल गेर्लँने केलं, १९६०च्या आसपास, वयाच्या विशीत. वर लिंबू आणि बर्गमॉट हे लिंबाच्याच जातीचं फळ, मध्ये जायफळ आणि मिरी, खाली वाळा आणि सुकी तंबाखू. तंबाखू म्हणजे विडीचा धूर नव्हे, पुडी उघडल्यावर येतो तो गोडसर कोरडा वास. हा मधला मसाला तुम्हाला जाणवला का ते तुम्ही लिहिलं नाहीत. पुढच्या वेळी वीस-पंचवीस मिनिटांनी मनगट नाकाजवळ न्या; जायफळ सापडेल. मला या परफ्यूममध्ये सगळ्यात आवडतो तो हाच टप्पा, लिंबू जायला आलंय आणि माती अजून पुरती वर आलेली नाही.

बदल का होतो? लिंबाच्या तेलातले रेणू हलके असतात, ते पंधरा-वीस मिनिटांत उडून जातात. वाळ्याच्या तेलातले, खुसिमॉलसारखे, जड असतात. मुळांतून ते काढायलाच तासन्‌तास वाफ द्यावी लागते, आणि कातडीवरूनही ते तितक्याच सावकाश सुटतात. म्हणून वाळा स्वतः तर टिकतोच, बरोबरच्या वासांनाही धरून ठेवतो. वाळ्याचं संस्कृत नाव उशीर. हा वास उशिराच येतो, त्यामुळे ते नाव माझ्या पक्कं लक्षात राहिलंय. जुन्या किंवा नीट बंद न केलेल्या सॅम्पलमध्ये लिंबू आधीच अर्धं उडालेलं असतं आणि माती लवकर वर येते. तुमच्या छोट्या कुपीचं तसंही झालं असेल.

आता ऑफिसचं. चालेल, अगदी बिनधास्त, पण मात्रा सांभाळायची. दोनच फवारे: एक छातीवर कपड्यांच्या आत, एक मानेच्या मागे. आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं झाल्यावर. मनगटं एकमेकांवर घासू नका. अंगावर सुवासिक टाल्कम असेल तर हे लावूच नका. पावडरचा गोड फुलांचा वास आणि वाळा यांचं अजिबात जमत नाही, दोन्ही वाया जातात. माझी एक चूकही सांगते. दुपारी दीडला मला स्वतःला वास येईनासा झाला, म्हणून मी आणखी तीन फवारे मारले. माझं नाक सरावलं होतं, वास कुठेही गेला नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या सहकारीचं डोकं दुखायला लागलं आणि तिला जागा बदलून बसावं लागलं. तिने काही बोलून दाखवलं नाही, पण मला ते अजून लागून राहिलंय. तेव्हापासून दुपारी पुन्हा मारायचं नाही हा माझा नियम.

ऋतूचा फरक फार पडतो. कोरड्या उन्हाळ्यात हा वास खरोखर थंडावा देतो, नागपूर-अकोल्याच्या उन्हात त्याच्यासारखं दुसरं काही मला सापडलेलं नाही. तुम्ही मुंबईच्या, तिथे ऑक्टोबर आणि मे दोन्ही चालतील. पावसाळ्यात मात्र जपून. जुलैत लोकलमधून ओलेत्याने आलात की कपड्यांचा दमट वास आणि वाळ्याची माती एकमेकांत मिसळतात आणि कुबट वाटू शकतं. काही लोक मुद्दाम पावसाळ्यात लावतात, पहिल्या सरीचा वास म्हणून. मला पटत नाही. मी तेव्हा एकच फवारा मारते, किंवा तेवढे दोन महिने बाटली कपाटात ठेवते. सुती ओढणीच्या आतल्या बाजूला मारलंत तर धुवेपर्यंत राहतं, फक्त पांढऱ्या कपड्यावर डाग पडतोय का ते आधी कोपऱ्यात बघा.

पुरुषांचं परफ्यूम म्हणून बिचकण्याचं कारण नाही. दुकानात ते पुरुषांच्या फळीवर असतं एवढंच. माठातलं वाळ्याचं पाणी घरात सगळेच पितात, आणि कन्नौजचं खस अत्तर बायका-पुरुष दोघंही लावत आले आहेत. मी स्वतः आठ वर्षं लावतेय. बाईच्या अंगावर ते बायकी होत नाही, हे खरं. ते स्वच्छ आणि थोडं करारी वाटतं. मोगऱ्याचा गजरा माळलेला असेल त्या दिवशी तर लावाच, मोगऱ्याचा गोडवा त्याने ताळ्यावर येतो.

मातीच नको असेल तर टॉम फोर्डचं ‘ग्रे व्हेटिव्हर’ बघा. २००९ सालचं, ग्रेपफ्रूट आणि सेज पुढे, मुळं घासूनपुसून धुतल्यासारखी. ऑफिससाठी सगळ्यात सोपं तेच, पण मला ते जरा जास्तच इस्त्री केलेलं वाटतं. उलट माती आवडायला लागली तर लालीकचं ‘आँक्र न्वार’, २००६ सालचं, नाताली लॉर्सोंने केलेलं: काळी चौकोनी दौतीसारखी बाटली, आत सुरूच्या बनात अंधार पडल्यावरचा वास. ते ऑफिसला लावू नका. आणि कधी कन्नौजचं रूह खस, म्हणजे वाळ्याचं निव्वळ तेल, मिळालं तर काडीच्या टोकावर घेऊन एकदा तरी हुंगा. तांब्याच्या डेगेत काढल्यामुळे ते हिरवट दिसतं आणि त्यात लिंबू-बिंबू काहीच नसतं. ते नाकाला कळलं की गेर्लँने त्याच्याभोवती काय काय रचलंय ते आपोआप कळतं.

मोठी बाटली आत्ताच घेऊ नका. उरलेलं सॅम्पल तीन वेगवेगळ्या दिवशी सकाळी लावा, त्यातला एक दिवस सुट्टीचा आणि घरी पंख्याखाली घालवलेला असू दे. दुकानातल्या एसीत कागदाच्या पट्टीवर तर मुळीच ठरवू नका, तिथे तुम्हाला फक्त लिंबू भेटेल. तिन्ही दिवशी दुपारी चारला मनगट हुंगा. त्या वेळी जे उरलेलं असेल ते आवडलं तरच पैसे घाला.